निनवेचा निवाडा आणि हडपसरचा माळ

25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकराने पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त सैन्याचा पुरता मोड केला. दुसरा बाजीराव सिंहगडाकडे पळाला आणि पुणे उघडे पडले. या लढाईची कारणे सांगताना शिंदे-होळकरांच्या जुन्या वैराबरोबर आणखी एका घटनेचा उल्लेख हटकून होतो. एप्रिल 1801 मध्ये यशवंतरावाचा भाऊ विठोजी यास पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले होते. हडपसर हे त्या क्रौर्याचेच फळ, असा निवाडा मराठी मनाने केव्हाच देऊन टाकला आहे. पराभवात शिक्षा पाहण्याची ही वृत्ती इतिहासाच्या अभ्यासकाने भाबडी म्हणून बाजूस सारावी काय? या प्रश्नाचा विचार करू लागलो म्हणजे अशा निवाड्याचा एक फार प्राचीन आणि अत्यंत प्रखर नमुना आठवतो. तो म्हणजे हिब्रू संदेष्टा नहूम याची निनवेविरुद्धची वाणी.

नहूमचे पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचे व 47 वचनांचे आहे. त्याच्याविषयी तो एल्कोशचा होता एवढेच सांगितलेले असून हे गाव नेमके कोठे होते याचा निर्णय झालेला नाही. मराठी वाचकास हे पुस्तक दूरचे वाटण्याचे कारण नाही. हडपसरवरून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 साली त्या निवर्तल्या आणि 1924 साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नहूमचा काळ ठरविण्यास पुस्तकातच एक भक्कम पुरावा आहे. तो निनवेस विचारतो की, तू नो-आमोनहून, म्हणजे इजिप्तमधील थीब्ज नगराहून, श्रेष्ठ आहेस काय? थीब्जचा पाडाव इ. स. पू. 663 मध्ये झाला आणि निनवे पडली इ. स. पू. 612 मध्ये, वाणीचा काळ या दोहोंच्या दरम्यानचा. परंतु कालनिर्णयापेक्षा या दाखल्याची निवड मला अधिक महत्त्वाची वाटते. थीब्ज लुटणारा अश्शूरचा राजा असुरबानिपाल हाच होता. अश्शूरने दुसऱ्यास जे केले तेच उदाहरण संदेष्टा त्याच्यापुढे ठेवतो. आरोपीचा विजय हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो. यातील एक कडू भाग नहूम सांगत नाही. असुरबानिपालाच्या इजिप्तवरील पहिल्या स्वारीत ज्या मांडलिकांनी साथ दिली, त्यांच्या यादीत यहूदाचा राजा मनश्शे याचेही नाव आहे.

अश्शूरच्या जुलमाविषयी केवळ जितांच्या तक्रारीवर विसंबण्याची आवश्यकता नाही. इ. स. पू. 701 मध्ये सन्हेरीबाने यहूदावर स्वारी करून 46 तटबंदीची नगरे घेतल्याचे स्वतःच अभिमानाने कोरून ठेवले आहे. लाखीशच्या वेढ्याचे, कैद्यांच्या हालांचे आणि निर्वासितांच्या रांगांचे शिल्पपट त्याने निनवेच्या राजवाड्यात बसविले. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका शिल्पात असुरबानिपाल राणीसह उद्यानात मद्यपान करीत असून जवळच्या झाडाला एलामच्या राजाचे शिर टांगलेले दिसते. नहूम ज्या नगरीस रक्तपाती म्हणतो, तिने स्वतःच्या भिंतींवर हेच मिरविले होते.

निनवेच्या पतनाची हकीकत बाबिलोनच्या एका बखरीत सापडते; ती सी. जे. गॅड यांनी 1923 साली प्रसिद्ध केली. तीनुसार नबोपोलासर आणि मेदांचा राजा सायक्झारीस यांनी सुमारे तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर नगर घेतले. नहूम नद्यांची द्वारे उघडल्याचे बोलतो, आणि पुढे ग्रीक लेखक डायोडोरस पुराने तट कोसळल्याची कथा देतो. बखरीच्या उपलब्ध मजकुरात मात्र पुराचा उल्लेख नाही. 1989-90 च्या उत्खननात हल्झी वेशीपाशी माणसांचे सांगाडे जेथे पडले तेथेच मिळाले. भविष्य खरे ठरले की नाही हे शब्दाशब्दाने ताडून पाहण्याचा उद्योग पुष्कळांनी केला आहे, पण तो फारसा फलदायी नाही.

फलदायी आहे ते नहूमचे मौन. वेढा, रथ, भाले, लूट यांचे चित्र तो डोळ्यांपुढे उभे करतो; पण नगर घेणारा कोण हे एकदाही सांगत नाही. मेदांचे नाव नाही, बाबिलोनचे नाही. निवाडा परमेश्वराचा आहे, आणि तो अमलात आणणाऱ्या हातास त्यातून पुण्य लाभत नाही. हा विवेक किती आवश्यक होता हे लवकरच दिसून आले. इ. स. पू. 587 च्या सुमारास त्याच बाबिलोनने यरुशलेम जाळले. हबक्कूक या संदेष्ट्याने तर देवासच जाब विचारला की, दुष्टाचे पारिपत्य करावयास त्याहून दुष्ट कसा चालतो?

हडपसरच्या निवाड्यात नेमका हाच विवेक सुटतो. विठोजीच्या वधाचे प्रायश्चित्त म्हटले की यशवंतराव आपोआप न्यायाचा हस्तक ठरतो. प्रत्यक्षात त्याच्या मुक्कामात पुणेकरांकडून सक्तीने पैसा वसूल झाला. ज्याला शासन व्हावयाचे तो बाजीराव कोकणमार्गे वसईस पोहोचला, 31 डिसेंबर 1802 रोजी त्याने इंग्रजांशी तह केला आणि मे 1803 मध्ये त्यांच्या संगिनींच्या आश्रयाने पुन्हा गादीवर बसला. दंड भरला तो सावकारांनी आणि रयतेने. विठोजीच्या वधाशी त्यांचा काय संबंध होता?

नहूमजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही. निनवेतील सामान्य माणसाचा विचार त्याच्या वाणीत येतच नाही. तो येतो योनाच्या पुस्तकात. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत प्रश्नाने संपणारी पुस्तके म्हणून या दोहोंची जोडी प्रसिद्ध आहे, आणि दोहोंचा विषय निनवेच आहे. नहूम विचारतो, तुझ्या दुष्टतेचा जाच कोणास झाला नाही? योनाच्या शेवटी देव विचारतो, ज्यांना उजवे-डावेही कळत नाही अशी 1,20,000 हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्याची मला कीव येऊ नये काय?