रोजची गाडी ट्रॅकवर न्यायची आहे? मग पहिला खर्च इंजिनवर नको, ब्रेकवर करा!

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. ठरावीक शुल्क भरून, बंदिस्त रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी वेगात चालवण्याचा दिवस. भारतात ग्रेटर नोएडाचं 5.125 किमी लांबीचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे ही यातली ओळखीची नावं.

स्विफ्ट किंवा पोलोसारखी गाडी असली की अनेक जण आधी इंजिनची ताकद वाढवायला धावतात. कमी बजेटमध्ये नेमकी हीच चूक महागात पडते.

ब्रेकच आधी का?

वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणजे ताशी 70 किमीऐवजी 140 किमी वेगातून थांबताना ब्रेकना चौपट उष्णता झेलावी लागते, आणि तीही प्रत्येक वळणाआधी. शहरात ब्रेकना थंड व्हायला वेळ मिळतो, ट्रॅकवर तो मिळत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 3 ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 अंशांवर येते. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबत नाही.

कमी पैशांत काय करावं?

1. ब्रेक ऑइल: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेचा बदल. ताजं डॉट 4 (किमान 230 अंश) किंवा, कंपनीची परवानगी असेल तर, डॉट 5.1 (किमान 260 अंश) भरावं. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं. ते या ऑइलमध्ये मिसळू नये.

2. पुढचे ब्रेक पॅड: ब्रेक मारताना वजन पुढे जातं, त्यामुळे आधी पुढचे पॅड बदलावेत. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड घ्यावेत. शुद्ध रेसिंगचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत.

3. टायर: कंपनीने सांगितलेल्याच मापाचे, पण चांगल्या पकडीचे. जुने, कडक झालेले टायर नकोत. तापल्यावर टायरमधली हवा वाढते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर ती तपासावी.

4. तपासणी: इंजिन ऑइल, कूलंट, बेअरिंग, व्हील अलाइनमेंट आणि नट. डिकीतली स्टेपनी, जॅक, पायाखालचे मॅट बाहेर काढावेत. वजन कमी करण्याचा हा फुकटातला उपाय आहे.

5. हेल्मेट आणि प्रशिक्षक: उरलेले पैसे इथे घालावेत. ब्रेक कुठे मारायचा, वळणात कुठून शिरायचं हे शिकल्याने जो वेळ वाचतो, तो सायलेन्सर बदलून वाचत नाही.

सस्पेन्शनचा विचार त्यानंतर, आणि इंजिनचा सर्वांत शेवटी. शेवटची फेरी हळू मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत. गाडी उभी करताना लगेच हँडब्रेक ओढू नये. गिअरमध्ये टाकून चाकाला ओट लावावी.

गाडी परत रस्त्यावर येणार आहे

पुण्याहून कोइम्बतूर हजार किमीपेक्षा लांब आहे. गाडी ट्रेलरवर न्यायची नसेल, तर तीच गाडी महामार्गावरून घरी यायची असते. इथे कायदा आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. कलम 182अ नुसार प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

लोखंडी रोल केज तर रस्त्यावर उलट धोक्याचा ठरतो. हेल्मेट नसताना अपघात झाला, तर डोकं त्याच पाइपवर आपटतं.

आणखी एक गोष्ट. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकलेल्या गाडीचा खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून जातो. म्हणून बजेट ठरवताना फक्त पार्ट्सची किंमत नको. त्या दिवशी गाडीचं नुकसान झालं तर ते झेपेल का, हाही हिशेब आधी करावा.