रंग भरणारी मेरी

सणावाराला दारात मोठी रांगोळी काढायची असली की ठिपके आणि रेघा घरातली जाणती बाई काढते आणि रंग भरायला पोरींना बसवते. "रंगच तर भरायचेत" असं वर म्हणते. रंग भरणं म्हणजे दुय्यम काम, ही समजूत आपल्याच अंगणातली आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेत चित्रकथांच्या म्हणजे कॉमिकच्या धंद्यातही ती होती. त्या समजुतीखाली एका बाईने किती वर्षं काढली आणि त्यातूनही काय केलं, ते मला आज सांगायचं आहे.

तिचं नाव मेरी सेव्हरिन. जन्म 21 ऑगस्ट 1929 चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. बालपण ब्रुकलिनमध्ये गेलं. वडील लहानपणीच नॉर्वेहून अमेरिकेत आलेले. त्यांचा हात चित्रकलेचा, आणि एलिझाबेथ आर्डेन या प्रसाधनांच्या कंपनीसाठी ते नक्षीकाम करत. थोरला भाऊ जॉन हाही चित्रकार. घरात सगळीकडे कागद आणि पेन्सिली. मेरी एका कलाशाळेत गेली, पण थोड्याच दिवसांत शाळा सोडून वॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत नोकरीला लागली. जॉन तेव्हा ईसी नावाच्या छोट्या प्रकाशनासाठी चित्रं काढायचा. तिथे रंग भरायला माणूस हवं होतं, म्हणून त्याने बहिणीला नेलं. ही 1950 च्या आसपासची गोष्ट.

कॉमिकला रंग कसा द्यायचे, ते आधी सांगते. त्याशिवाय तिचं काम कळायचं नाही. चित्रकार काळ्या शाईत पान काढून देई. त्याची लहान आकाराची छायाप्रत रंगवणाऱ्याकडे येई. ती पाण्यातल्या रंगांनी रंगवायची आणि प्रत्येक रंगाशेजारी खुणेची अक्षरं-आकडे लिहायचे. पिवळा, लाल आणि निळा या तीन शाया. प्रत्येक एकतर नाहीच, नाहीतर फिकी, मध्यम किंवा गडद. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे हिशोबाने 64 छटा होतात. ती रंगवलेली प्रत प्लेट बनवणाऱ्या कारखान्यात जाई आणि तिथे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट हाताने तयार होई. ते डोळेफोडीचं काम करणाऱ्या बहुतेक बायकाच असत. शेवटी स्वस्तातल्या खरखरीत कागदावर पुस्तक छापून 10 सेंटला विकायला जाई.

म्हणजे रंगवणारीच्या हाती असत चौसष्ट छटा, स्वस्त कागद आणि दुसऱ्याने काढलेलं चित्र. कथा दुसऱ्याची, रेघ दुसऱ्याची. पण पान उघडल्यावर वाचणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल, हे ठरवायचं रंगवणारीने. गर्दीतली सगळी माणसं निळी केली आणि एकच लाल ठेवलं, तर डोळा त्या लाल माणसावरच जाणार.

ईसीच्या गोष्टी लहान मुलांच्या गोड गोष्टी नव्हत्या. बिल गेन्स हा मालक; अल फेल्डस्टीन आणि हार्वी कर्ट्झमन हे संपादक. कर्ट्झमनच्या युद्धकथा फार मेहनतीने रचलेल्या असत आणि युद्धाचा गौरव न करता त्यात मरणारा माणूस दाखवलेला असे. पण खप खरा भयकथांचा. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सारख्या मालिकांत कुऱ्हाडी, प्रेतं, तुटलेले हातपाय यांचा सुकाळ. आणि त्यात रंग भरायला बसलेली कोण, तर कॅथलिक घरात वाढलेली विशीतली मुलगी.

इथे एक दंतकथा तयार झाली. मेरीला एखादं चित्र फारच किळसवाणं वाटलं की ती ते सरळ गडद निळ्यात बुडवून टाकते, असं कचेरीत थट्टेने म्हणत. पुढे लोक तिला 'ईसीची सदसद्विवेकबुद्धी' म्हणू लागले. कहाणी छान आहे, पण मेरीने स्वतःच ती बऱ्यापैकी खोडून काढली. तिचं म्हणणं असं, की संपादकाचं काम मी कधी अंगावर घेतलं नाही. असे प्रसंग मी एकाच रंगात रंगवत असे, पण ते लहान पोरांच्या डोळ्यांना जरा सौम्य पडावेत म्हणून. चित्रकाराची रेघ झाकण्याचा त्यात हेतू नव्हता. लोक ही पुस्तकं घेतात तीच मुळी मुंडकं उडालेलं पाहायला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मला दंतकथेतल्या मेरीपेक्षा ही खरी मेरी जास्त विचार करायला लावते. आपल्या मंदिरांत लेश्यावृक्षाचं चित्र असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. भुकेलेले सहा जण जांभळाच्या झाडाशी येतात. एक म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठी फांदी तोडू. तिसरा लहान डहाळीवर थांबतो, चौथा घोसावर, पाचवा नुसत्या पिकल्या फळांवर. सहावा म्हणतो, खाली पडलेलीच वेचू. भूक सगळ्यांची सारखीच, पण कृष्णापासून शुक्लापर्यंत मनाचा रंग प्रत्येकाचा वेगळा. लहानपणी मला वाटायचं, पहिला वाईट आणि सहावा चांगला, संपलं. मधल्या चौघांकडे मी कधी पाहिलंच नाही. खरं तर आपण बहुतेक जण त्या मधल्यांतलेच. मेरी तिथली. पोटासाठी धरलेलं काम ती सोडत नाही, त्यात रस घेते, चित्रकाराशी इमान राखते आणि तरीही त्या पोराच्या डोळ्यांचा विचार करते. हे सहाव्या माणसाचं पुण्य नाही, पण पहिल्याची बेफिकिरीही नाही.

कॉमिकमुळे मुलं बिघडतात अशी ओरड तेव्हा देशभर चालली होती. 1954 मध्ये फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं त्यावरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. सिनेटर केफॉव्हर यांनी बाईचं तुटलेलं शिर दाखवणारं ईसीचं मुखपृष्ठ समोर धरून विचारलं, हे सुरुचीला धरून आहे का? भयकथेच्या मानाने आहे, असं गेन्सने उत्तर दिलं, आणि त्या उत्तराने त्याचा घात झाला. घाबरलेल्या प्रकाशकांनी मिळून स्वतःवर कडक नियम घालून घेतले. ईसीची कॉमिक एकामागून एक बंद पडली. तगून राहिलं ते 'मॅड', पण 1955 मध्ये तेही काळ्या-पांढऱ्या मासिकाच्या रूपात गेलं. त्यात रंग भरायला कुणी लागणार नव्हतं.

मेरी मग पुढे ज्याचं मार्व्हल झालं त्या प्रकाशनात गेली. 1957 मध्ये तिथेही माणसं कमी झाली. मग न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत तिने चित्रं काढली. त्यात चेक कसा वटतो हे समजावणारी चित्रकथाही होती. 1959 मध्ये ती मार्व्हलला परतली. तिथे ती रंग भरी, कुणाचं चुकलेलं दुरुस्त करी, पडेल ते काम करी. अशी सातेक वर्षं गेली. ती स्वतः पूर्ण कथा काढू शकेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

आलं तेही योगायोगाने. 'एस्क्वायर' मासिकाला कॉलेजातल्या पोरांवरच्या लेखासाठी मार्व्हलच्या धर्तीची चित्रं हवी होती. मोठे चित्रकार कामात गढलेले, म्हणून ते मेरीकडे आलं. ती चित्रं मालकाने पाहिली आणि विचारलं, ही बाई आपल्यासाठी चित्रं का काढत नाही? त्यानंतर तिला 'डॉक्टर स्ट्रेंज' मिळाला. 1967 मध्ये त्यातच तिने 'लिव्हिंग ट्रायब्युनल' हे तीन चेहऱ्यांचं न्यायाचं पात्र साकारलं. मग 'हल्क' आणि 'सब-मरिनर' आले. 'कल' या योद्ध्याच्या मालिकेत पेन्सिल तिची आणि शाई भाऊ जॉनची, असंही झालं. 'नॉट ब्रँड एक' या मालिकेत ती मार्व्हलच्याच वीरांची टर उडवी. त्या विनोदात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. 'स्पायडर-वुमन'चा मूळ पोशाखही तिनेच बेतला. हे सगळं करताना 1972 पर्यंत रंगविभागाची मुख्यही तीच होती.

आता नावाचं सांगते. साठच्या दशकात मार्व्हलच्या पहिल्या पानावर लेखकाचं, चित्रकाराचं, शाई देणाऱ्याचं, इतकंच काय अक्षरं लिहिणाऱ्याचंही नाव असे. रंगवणाऱ्याचं नसे. ते नेमाने छापू लागले सत्तरच्या दशकात, मेरी त्या खुर्चीवरून उठल्यानंतर. ईसीच्या शेकडो पानांवर तर तिचं नाव शोधून सापडायचं नाही.

पुढे ईसीची जुनी कॉमिक जाड बांधणीच्या संचांत पुन्हा निघाली. आतली पानं काळी-पांढरी, मुखपृष्ठं तेवढी रंगीत, आणि ती पुन्हा रंगवायला मेरीलाच बोलावलं. तीस वर्षांपूर्वीचं आपलंच काम, या वेळी चांगल्या कागदावर. 2001 मध्ये विल आयझनर यांच्या नावाच्या पुरस्कारांत तिला मानाचं स्थान मिळालं. 30 ऑगस्ट 2018 रोजी वयाच्या 89 व्या वर्षी ती लाँग आयलंडवरच वारली.

परवा नातीच्या हातात कॉमिक दिसलं. पहिल्या पानावर रंगवणाऱ्याचं नाव शोधून दाखव म्हटलं. बारीक अक्षरात होतं, तिला पटकन सापडलं. "पण हे नाव कशाला वाचायचं?" तिने विचारलं. मग मी तिला रांगोळीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं.