काचीगुड्याच्या आमदारकीची कुळकथा

काचीगुडा हैदराबादच्या अंबरपेठ विधानसभा मतदारसंघात मोडतो. तेलंगणाच्या ११९ मतदारसंघांच्या यादीत अंबरपेठचा क्रमांक ५९ आहे. लोकसभेसाठी तो सिकंदराबादला जोडलेला आहे. काचीगुडा, नल्लकुंटा, गोलनाका, अंबरपेठ आणि बाग अंबरपेठ हे महापालिकेचे प्रभाग मिळून त्याचा मुख्य पसारा होतो. मतदारसंघ २००९ पासूनचा, म्हणजे वयाने तरुण. त्याचे मूळ मात्र आधीच्या दोन-तीन मतदारसंघांत शोधावे लागते, कारण दर पुनर्रचनेत या वस्तीचे नाव-गाव बदलत गेले आहे.

मतदानाचा हक्क इथे उशिरा पोहोचला. निजामाच्या राज्यात १८९३ मध्ये कायदेमंडळ स्थापन झाले, पण त्यात अधिकाऱ्यांचा भरणा होता आणि सामान्य रयतेला त्यात आवाज नव्हता. १९३७ मध्ये अरवमुदू अय्यंगार समिती नेमली गेली आणि १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत ८५ सभासदांची सभा सुचवली होती आणि त्यांपैकी ४२ जण निवडून यायचे होते. निवडणूक मात्र वस्तीनुसार नव्हती, धंद्यानुसार होती. जहागीरदार, शेतकरी, कामगार, व्यापारी, वकील, डॉक्टर असे गट पाडले होते. शिवाय हिंदू आणि मुसलमान सभासदांची संख्या समान ठेवायची होती. काचीगुड्यातला वकील वकिलांच्या गटात मत देणार आणि शेजारचा व्यापारी व्यापाऱ्यांच्या. मोहल्ल्याचा प्रतिनिधी ही कल्पनाच या रचनेत बसत नव्हती. १९४६ च्या निवडणुकीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला आणि पुढे संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईने ती सभाही इतिहासजमा झाली.

दरम्यान काचीगुड्याची वस्ती घडली ती रेल्वेमुळे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी मीटरगेज लाइन सुरू झाली. १९१६ मध्ये काचीगुडा स्टेशनची इमारत उभी राहिली. मराठवाड्यातून शिकायला, वकिली करायला किंवा नोकरीला येणारा माणूस या स्टेशनावर उतरे आणि आसपासच बिऱ्हाड करी. सुलतान बाजार, इसामिया बाजार, बरकतपुरा या पट्ट्यात मराठी शाळा, ग्रंथालय आणि मंडळे रुजली. रेसिडेन्सीच्या हद्दीतला सुलतान बाजार १९३३ पर्यंत इंग्रजांच्या अमलाखाली होता. निजामी कायद्याचा जाच तिथे कमी असल्याने सार्वजनिक कामाला तो सोयीचा पडे. पुढच्या निवडणुकांतल्या मराठी उमेदवारांची मुळे या संस्थांत आणि वकिलांच्या वर्तुळात सापडतात.

प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक १९५२ ची. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि आपल्या माणसाच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकायची असे. हैदराबाद राज्याच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या. बंदी असलेले कम्युनिस्ट पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने लढले आणि त्यांनी ४२ जागा घेतल्या. मुख्यमंत्री झालेले बुर्गुल रामकृष्णराव तेलुगूभाषक, पण शिकलेले पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. विधानसभेचे अध्यक्ष काशिनाथराव वैद्य, मंत्री विनायकराव विद्यालंकार, गृहमंत्री दिगंबरराव बिंदू आणि विरोधी बाकांवरचे पुढारी व्ही. डी. देशपांडे हे सगळे मराठी. मराठवाडा राज्यात होता तोवर राजधानीतल्या मराठी वस्तीला या सत्तेत घरचा वाटा होता.

तो १ नोव्हेंबर १९५६ च्या भाषावार राज्य पुनर्रचनेने तुटला. मराठवाड्याचे आमदार मुंबई राज्याच्या विधानसभेत गेले, कानडी भागाचे म्हैसूरकडे आणि तेलंगणाचे आंध्र प्रदेशात. आंध्र भागात १९५५ मध्येच निवडणूक झाली होती, म्हणून १९५७ मध्ये विधानसभेसाठी मतदान फक्त तेलंगणात झाले. काचीगुड्याला लागून असलेल्या सुलतान बाजार मतदारसंघातून काँग्रेसचे वासुदेव कृष्णाजी नाईक निवडून आले. हायकोर्ट मतदारसंघातून गोपाळराव एकबोटे आले. एकबोटे आधी हैदराबाद राज्यात मंत्री होते आणि पुढे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. हैदराबादच्या लोकसभा जागेवर विनायकराव विद्यालंकार विजयी झाले. मराठवाडा गेल्यावर वर्ष उलटायच्या आत शहराने तीन मराठी माणसे निवडून दिली. भाषावार हिशेबाला हे उत्तर म्हणता येणार नाही. ही माणसे वकिलीतून आणि मुक्तिलढ्यातून आधीच शहराची झाली होती, आणि मते त्यांना त्या नात्याने मिळाली. नाईक १९६२ पासून विधानसभेचे उपाध्यक्ष होते.

१९६७ मध्ये विधानसभेच्या जागा ३०० वरून २८७ वर आल्या आणि शहराच्या सीमा पुन्हा आखल्या गेल्या. या काळातला शेजारचा मतदारसंघ गगनमहाल. तिथून १९७२ मध्ये काँग्रेसच्या शांताबाई तळपळ्ळीकर निवडून आल्या. त्यांनी १९५७ मध्ये कलवाकुर्तीसारख्या ग्रामीण मतदारसंघाचेही प्रतिनिधित्व केले होते. शहरातल्या मराठी आडनावांची आमदारकी जवळपास इथेच थांबते.

१९७६ च्या पुनर्रचनेनंतर आंध्र प्रदेशाच्या जागा २९४ झाल्या. १९७८ च्या यादीत सुलतान बाजार आणि गगनमहाल ही दोन्ही नावे नाहीत. काचीगुडा-अंबरपेठचा पट्टा हिमायतनगर मतदारसंघात गेला आणि तीस वर्षे तिथेच राहिला. या तीस वर्षांत लढतीचे स्वरूप पालटले. १९८३ च्या जानेवारीत एन. टी. रामाराव यांच्या तेलुगू देसमची लाट आली, पण त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत हिमायतनगर भाजपच्या आले नरेंद्र यांच्याकडे गेले. १९८५ मध्ये त्यांनी जागा राखली. जुन्या शहराच्या सीमेवरची मिश्र वस्ती आणि बरकतपुऱ्यात मुळे धरलेले संघाचे काम या दोन्हींचा त्यात हात होता. नरेंद्र पुढे मेदकचे खासदार झाले आणि पक्ष बदलून तेलंगणा राष्ट्र समितीतर्फे केंद्रात राज्यमंत्रीही झाले.

१९८९ मध्ये काँग्रेसचे व्ही. हनुमंतराव जिंकले. ते १९९२ मध्ये राज्यसभेवर गेले आणि पोटनिवडणुकीत नरेंद्र पुन्हा आले. १९९४ आणि १९९९ मध्ये तेलुगू देसमचे सी. कृष्ण यादव निवडून आले. २००४ मध्ये राज्यभर तेलुगू देसम-भाजप युतीचा धुव्वा उडाला आणि भाजपला दोनच जागा मिळाल्या. त्यांतली एक हिमायतनगरची, जी. किशन रेड्डी यांची. म्हणजे पक्ष उलटसुलट होत राहिले तरी एका गोष्टीत सातत्य होते. इथला मतदार राज्याच्या लाटेशी पुष्कळदा फटकून वागला.

२००८ च्या पुनर्रचनेत हैदराबाद जिल्ह्याच्या जागा १३ वरून १५ झाल्या. हिमायतनगर हे नाव यादीतून गेले आणि खुद्द हिमायतनगर मोहल्ला खैरताबाद मतदारसंघात गेला. ज्याच्या नावाने तीस वर्षे आमदार निवडले त्यालाच बाजूला काढून उरलेल्या पट्ट्याचे अंबरपेठ झाले. लोकसंख्येचे तुकडे समान ठेवणे हेच आयोगाचे काम असते आणि मोहल्ल्यांच्या शेजारपणाला त्यात दुय्यम जागा मिळते. किशन रेड्डी यांनी २००९ आणि २०१४ मध्ये अंबरपेठ जिंकले. यातली दुसरी निवडणूक तेलंगणाच्या स्थापनेच्या तोंडावरची. २०१८ मध्ये तेलंगणा राष्ट्र समितीचे कालेरू व्यंकटेश यांनी त्यांचा १,०१६ मतांनी पराभव केला. या पराभवाचा शेवट मात्र वेगळाच झाला. काही महिन्यांत, २०१९ मध्ये, रेड्डी सिकंदराबादहून लोकसभेवर गेले आणि केंद्रात मंत्री झाले. २०२३ मध्ये व्यंकटेश पुन्हा निवडून आले. त्यांच्यासमोर भाजपचे उमेदवार होते ते सी. कृष्ण यादव, हिमायतनगरचे एके काळचे तेलुगू देसमचे आमदार.

आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याने (२०१४) तेलंगणाच्या जागा ११९ वरून १५३ करण्याची तरतूद केली आहे. मात्र संविधानाच्या कलम १७० नुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत विधानसभांच्या जागा बदलता येत नाहीत, आणि ही वाढ लगेच लागू करावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. ती जनगणना आणि तिच्यावर आधारलेली पुनर्रचना होईपर्यंत काचीगुड्याचे मत अंबरपेठच्या आमदारासाठीच पडत राहील.