क्रमांक परत मिळतो, पण कागद अस्सल हवा

१९३०च्या दशकातील एखादी मोटार इंग्लंडमधल्या कुठल्याशा कोठारात चाळीस-पन्नास वर्षे धूळ खात पडलेली असते. नवा मालक तिचे इंजिन दुरुस्त करतो, पत्रा ठोकून सरळ करतो. आणि मग कळते, की पाटीवर अजून वाचता येणारा मूळ क्रमांक कायद्याच्या लेखी तिचा उरलेलाच नाही. तो परत मिळवायचा तर समोर उभी असलेली गाडी पुरत नाही. अस्सल कागद लागतो.

या व्यवस्थेचा उगम १९०३च्या मोटार कार कायद्यात आहे. १ जानेवारी १९०४पासून प्रत्येक मोटारीला क्रमांक बंधनकारक झाला आणि नोंदणीचे काम काउंटी व मोठ्या शहरांच्या परिषदांकडे आले. १९०१च्या जनगणनेतील लोकसंख्येच्या क्रमाने अक्षरे वाटली गेली: लंडनला ‘ए’, लँकेशायरला ‘बी’, यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगला ‘सी’. लंडनचा ‘ए १’ घेतला तो तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू अर्ल रसेल यांनी. त्यासाठी ते रात्रभर रांगेत उभे होते, अशी आख्यायिका आहे. देशातला तो पहिलाच क्रमांक, हा समज मात्र चुकीचा. हेस्टिंग्जचा ‘डीवाय १’ त्याआधी, नोव्हेंबर १९०३मध्येच दिला गेला होता.

परिषदेचा कारकून नोंदवहीत मालकाचे नाव-पत्ता, गाडीचा प्रकार, रंग, वजन आणि वापर खासगी की व्यापारी, हे टिपून ठेवी. १९२०च्या रोड्स कायद्यानंतर, १९२१पासून, गाडीबरोबर फिरणारे लॉगबुकही आले. मालक बदलला की त्यावर नवे नाव चढे. एकाच गाडीची साक्ष अशी दोन ठिकाणी जमा होत गेली.

१९७४मध्ये ही सारी व्यवस्था वेल्समधील स्वान्सीच्या संगणकीकृत केंद्राकडे जाऊ लागली. धावत्या गाड्यांच्या नोंदी कर भरण्याच्या निमित्ताने ओघाने तिकडे हलल्या. पण कोठारात पडलेल्या गाडीचा कर कोण भरणार? नोव्हेंबर १९८३अखेर जुन्या नोंदी स्वीकारणे बंद झाले आणि राहून गेलेले क्रमांक बाद ठरले. निरुपयोगी झालेल्या नोंदवह्या काही परिषदांनी अभिलेखागारांना दिल्या. काहींनी नष्ट केल्या.

पुढे ‘व्ही ७६५’ या अर्जाने क्रमांक परत मागण्याची वाट खुली झाली. मान्यताप्राप्त मोटार-क्लबाने गाडी खरी असल्याची ग्वाही द्यावी लागते. शिवाय, क्रमांक आणि चॅसिस क्रमांक यांची सांगड घालणारा समकालीन कागद हवा: जुने लॉगबुक किंवा अभिलेखागारातील नोंदीचा प्रमाणित उतारा. आजोबांच्या छायाचित्रात पाटी स्वच्छ दिसत असली, तरी तेवढ्याने भागत नाही. तो क्रमांक कुठल्या तरी गाडीवर होता, एवढेच छायाचित्र सांगते. तो याच सांगाड्याचा होता, हे सांगत नाही. साधनचिकित्सेचा याहून सोपा दाखला क्वचितच सापडेल.

पुरावा नष्ट करणारी आणि तोच मागणारी, दोन्ही सरकारी यंत्रणाच, हा विरोधाभास बोचणारा आहे. तरीही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. लहान, जुन्या क्रमांकांना बाजारात मोठी किंमत येते. १९८९पासून सरकार स्वतःच निवडक क्रमांक विकत आले आहे. कागदाची अट नसती, तर गंजलेला कुठलाही सांगाडा पुढे करून किमती क्रमांक उपटता आला असता. म्हणूनच या मार्गाने मिळालेला क्रमांक दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही.

पुरावा नसेल, तर गाडीच्या वयाला साजेसा दुसरा जुना क्रमांक मिळतो. तो त्या काळचा असतो, पण त्या गाडीचा नसतो. भारतात २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, आधीच नोंदणी असलेल्या गाड्यांना मूळ क्रमांक राखू दिला. नव्याने नोंदणी होणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका ठेवली.

वाचलेल्या ब्रिटिश नोंदवह्यांपैकी पुष्कळशा वुस्टरशायरमधील ड्रॉइटविच येथील किटहेड ट्रस्टकडे जमा झाल्या, तर काही ठिकठिकाणच्या काउंटी अभिलेखागारांत आहेत. गाडीमालक तेथे एका ओळीच्या शोधात जातात. त्याच ओळीच्या वर-खाली मात्र त्या परिसरातले इतर मोटारमालक, त्यांचे पत्ते आणि त्यांच्या गाड्यांचे रंग ओळीने नोंदलेले असतात.