मृत्यूजन्य नुकसानभरपाई

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा गैरकृत्यामुळे एखादी व्यक्ती दगावल्यास तिच्या कुटुंबीयांना कायद्याने मागता येणारी रक्कम. फौजदारी खटल्याशी या दाव्याची गल्लत करू नये. उदाहरणार्थ, अपघात करणारा वाहनचालक खटल्यातून सुटला तरी दावा टिकू शकतो, कारण येथे पुरावा शंकातीत असावा लागत नाही. इंग्लंडमध्ये १८०८ सालच्या बेकर विरुद्ध बोल्टन या निकालाने माणसाचा मृत्यू ही दाव्यायोग्य हानीच नाही असे ठरवले. घोडागाडीच्या अपघातात जखमी झालेली पत्नी जिवंत होती तोवरच्याच काळाची भरपाई तिच्या पतीला मिळाली. जखमी करणाऱ्याला दंड आणि जीव घेणाऱ्याला सूट, असा तो विपरीत न्याय १८४६ च्या कायद्याने संपवला, आणि त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणांतिक अपघात अधिनियम आला. त्याचा लाभ पती, पत्नी, आईवडील आणि मुले एवढ्यांपुरताच होता.

आज बहुतेक दावे मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. तेथे मृताच्या 'कायदेशीर प्रतिनिधीं'ना दावा करता येतो. न्यायालयांनी हे वर्तुळ वाढवत नेले: १९८७ मध्ये भाऊ, २००७ मध्ये विवाहित मुलगी, २०२१ मध्ये जावयाच्या घरी राहणारी सासू. यामागची दृष्टी अशी, की हानी रक्ताच्या नात्यापेक्षा मोडलेल्या आधारावरून ओळखावी. ही दृष्टी योग्य आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते: कोणाला द्यायचे हे आधारावरून ठरते, पण किती द्यायचे हे अजूनही प्रामुख्याने मृताच्या कमाईवरून ठरते.

सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी हिशेबाची रीत पक्की केली. समजा, स्वतःचा व्यवसाय असलेला, महिना २०,००० रुपये मिळवणारा ३८ वर्षांचा माणूस गेला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई राहिली. वार्षिक २,४०,००० रुपयांत भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की ३,३६,००० होतात. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २,५२,००० उरतात. वयानुसार १५ हा गुणक लावला की ३७,८०,००० येतात. तोच माणूस अविवाहित असता तर सामान्यतः निम्मी रक्कम वजा झाली असती. अंत्यविधी आणि मालमत्तेची हानी यांसाठी प्रत्येकी १५,००० व साहचर्य गमावल्याबद्दल ४०,००० रुपये हे मूळ आकडे असून ते दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात. साहचर्याची भरपाई केवळ जोडीदाराला नव्हे, तर मुलांना आणि आईवडिलांनाही मिळते, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले.

या रीतीवर मोठा आक्षेप असा, की ती श्रीमंताचा जीव महाग आणि मजुराचा स्वस्त ठरवते. याला उत्तर आहे: येथे जिवाची किंमत लावलेली नसते, घरात येणारे पैसे थांबले ते भरून काढायचे असतात. सर्वांना सारखीच रक्कम देण्याचा पर्यायही आपल्याकडे आहे. रेल्वे अपघातातील मृत्यूसाठी ८ लाख रुपये ठरलेले आहेत. मुंबईच्या लोकलमधून पडून प्रवासी दगावला तरी, आत्महत्येसारखे अपवाद वगळता, रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. वाहन अपघातात दोष न दाखवता ५ लाख घेता येतात, आणि वाहन पळून गेले तर २ लाख. समता आणि वेग या दोन्ही बाबतींत ही पद्धत सरस आहे, पण वरच्या उदाहरणातील कुटुंबाला ८ लाखांत उत्पन्नाची चार वर्षेही निघत नाहीत. म्हणून गुणकाची रीत टाकून देणे मला पटत नाही.

तिची खरी कसोटी पगार नसलेल्या माणसापाशी लागते. १९९४ मध्ये कायद्याला जोडलेल्या परिशिष्टाने कमाई नसलेल्या पत्नीचे उत्पन्न पतीच्या एक तृतीयांश धरले. म्हणजे तिच्या श्रमाचे मोल नवऱ्याच्या पगारावर ठरले! जमशेदपूरच्या १९८९ सालच्या आगीसंबंधीच्या लता वाधवा (२००१) निकालात ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले गेले. २०२१ च्या कीर्ती प्रकरणात न्यायालयाने वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेतला: घरातल्या बिनपगारी कामावर बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७. गृहिणीच्या कल्पित उत्पन्नातही भावी वाढ धरावी, असे त्यात ठरले. कल्पित आकडा म्हणजे अंदाजपंचे कारभार, असे कोणी म्हणेल. पण पावती नसलेल्या भाजीविक्रेत्याचे उत्पन्नही न्यायालय अंदाजानेच धरते, आणि पगारपत्रक नाही म्हणून किमान वेतनाचा दर हाच अंतिम मानता येत नाही, हेही २०२१ मध्येच सांगितले गेले.

अंदाज उदार असला तरी दावा वेळेत दाखल व्हावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली आणि तिच्या वैधतेला आव्हानही दिले गेले. पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो व तोच दाव्याचा अर्ज मानता येतो. ही तरतूद नेटाने राबवली, तर सुतकातून सावरणाऱ्या घराला वकील शोधत धावावे लागणार नाही.