रोख्याचा मजकूर कोणी सांगायचा?

परवा पुतण्याने ऑनलाईन मोबाईल मागवला, 'आता घ्या, नंतर द्या' म्हणून. अटी वाचल्यास का, विचारलं. "चाचा, त्या कोण वाचतं? टिक केली."

उधारीची खरेदी इस्लामने निषिद्ध केलेली नाही. खुद्द पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी एका ज्यूकडून धान्य उधारीवर घेतलं आणि लोखंडी चिलखत तारण ठेवलं, असं हदीसमध्ये आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत (२:२८२) तर देण्याच्या लिखापढीवरच आहे. तिच्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: लेखनिकाने न्यायाने लिहायचं, पण मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने.

दख्खनमध्ये नेमकं उलट चाले. सांगणारा सावकार, अक्षरशत्रू कुणबी खाली निशाणी नांगर करी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा पेटला, रोखे जाळले गेले. नगर जिल्ह्यातही तेच झालं. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा रोखा सरकारी निबंधकासमोर लिहिणं भाग पडलं. पण तो कायदा नगरपर्यंतच. अलीकडे आमचं चकलांबा निजामाच्या राज्यात.

२०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्ज देणाऱ्यांना करारापूर्वीच वार्षिक दर दाखवणारं पत्रक देणं सक्तीचं केलं. पुतण्याच्या मोबाईलमध्येही ते होतं, इंग्रजीत. दोघांनी बसून वाचलं. हप्ता चुकल्यास दंड, हे त्याला तेव्हा कळलं. वरच्याच आयतीच्या दोन आयती आधी (२:२८०) अडचणीतल्या देणेकऱ्याला मुदत द्या, असं आहे. पत्रकात मुदतीचा रकाना नव्हता.