जुन्या कपाटावरचा सफेता

घरातले जुने कपाट ओढून काढावे, पॉलिशपेपरने त्याचा रंग कोरडाच घासावा आणि वर नवा हात द्यावा, हा अलीकडे पुष्कळ घरांत हौसेचा उद्योग झाला आहे. हौसेला आमची हरकत नाही. परंतु या घासण्यातून जी पूड उडते, तिच्यापायी रंगारी कामगाराने काय सोसले, हे श्रोत्यांच्या कानावर घालणे आम्हांस भाग आहे.

त्या रंगातला मुख्य जिन्नस सफेता. शिसे सिरक्याच्या वाफेत ठेवले की त्यावर पांढरा थर धरतो; ही कृती रोमन लोकांनाही ठाऊक होती. हॉलंडात भांड्यांभोवती लीद रचून तिच्या उबेवर हे काम चाले. हा सफेता जवसाच्या तेलात खलला की लाकडाला घट्ट धरणारा, पाण्याला दाद न देणारा रंग होतो. गुण खरा होता, म्हणून तर तो सुटेना! रंगाऱ्याला मात्र पोटशूळ जडे आणि पुढे मनगट लुळे पडे. ज्या हाताने ब्रश धरायचा, तोच हात जाई.

1840 नंतरच्या दशकात पॅरिसमधील लक्लेर नावाच्या ठेकेदाराने सफेता सोडून जस्ताचा पांढरा रंग धरला. कामगारांना नफ्यात वाटा देण्याची पद्धतही त्याने 1842 साली सुरू केली. मालकांची स्तुती आमच्या तोंडी सहसा बसत नाही. पण हा गृहस्थ निराळा होता. इतरांनी त्याचा कित्ता गिरवला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रंगाऱ्यांच्या संघटनांनी मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 1909 साली फ्रान्समध्ये कायदा झाला. त्याचाही अंमल 1915 वर ढकलला गेला. पर्याय हाती असताना साठांहून अधिक वर्षे गेली.

1921 साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेता वापरू नये, असा करार केला. रेल्वे स्थानके आणि कारखाने यांना पळवाट ठेवलीच! मात्र जिथे सफेता वापरला जाईल तिथे कोरडे घासण्या-खरवडण्याची धूळ उडू देऊ नये, असे त्यात स्पष्ट कलम आहे.

ही धूळ केवळ कामगाराला बाधते असेही नाही. ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी 1904 साली मुलांच्या शिसेबाधेचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगात दाखवले. आपल्याकडे घरगुती रंगातील शिशावर दहा लाखांत 90 भाग ही मर्यादा घालणारे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगवलेल्या कपाटात शिसे असेलच असे नाही. पण नसेल असे धरून चालू नये.

कपाटाला नुसते लाखेचे पॉलिश असेल तर ते स्पिरिटच्या बोळ्याने सुटते. तेलरंग शाबूत असेल तर तो खरवडूच नये. ओल्या फडक्याने पुसून त्यावरच नवा रंग द्यावा. खरवडणे अटळच असेल तर ओला करून खरवडावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि पूड झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावी. ज्योत लावून रंग जाळणे तर नकोच. आणि या कामाला रंगारी बोलावला असेल, तर त्याचा चहा खोलीबाहेर द्यावा, आणि आधी हात धुवायला साबण-पाणी द्यावे. 1921 च्या करारात तेही कलम आहे.